आगाताने आईकडे काय मागितलं

पालेर्मोत त्या दिवशी आम्ही जे जे खाल्लं ते क्रमाने लिहिते. दुसऱ्या कुठल्या क्रमाने हे मला सांगता येत नाही.

पहिलं. चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात

बसमधून उतरल्या उतरल्या खाल्ल्या. एक नोव्हेंबर, सकाळचे नऊ. आम्ही तिघं होतो: माझा धाकटा भाऊ गांदोल्फो, त्याची आठ वर्षांची आगाता, आणि मी, तिंदारा, तिची आत्या. आमचं गाव वर डोंगरात. परतीची बस पाचला.

आमच्याकडे एक नोव्हेंबरच्या रात्री घरची मेलेली माणसं येतात आणि मुलांसाठी काहीतरी ठेवून जातात. खेळणी, साखरेच्या बाहुल्या, नवे बूट. सकाळी मुलं घरभर शोधत फिरतात. वाईट वागलेल्यांचे तळपाय मात्र ती किसणीने किसतात, म्हणून त्या संध्याकाळी घरोघरी किसणी लपवून ठेवायची. आतापर्यंत आगातासाठी आजोबा यायचे. या वर्षी तिची आई येणार होती. लिबोरिया. फेब्रुवारीत गेली.

पोरीने काय हवं ते कबरीच्या दगडाला तोंड लावून मागितलं होतं. आम्हाला सांगत नव्हती; सांगितलं की मिळत नाही म्हणे. गांदोल्फोने आठवडाभर नाना तऱ्हेने विचारून पाहिलं. शेवटी शहर दाखवायच्या निमित्ताने तिला इथल्या खेळण्यांच्या जत्रेत आणलं. ती कशापाशी रेंगाळते ते बघायचं आणि तिच्या नकळत घ्यायचं. उद्या सकाळी भलतंच काही निघालं तर तिला वाटणार, आई आलीच नाही.

"ताई, तू लक्ष ठेव," तो मला म्हणाला. "तुला बायकांचं कळतं."

"आठ वर्षांची बाई."

"आईवर गेलीय. तिचंही मला कधी कळलं नाही."

दुसरं. कांदा आणि खारवलेली मासळी लावलेला जाड पाव

चौकात उभ्याने खाल्ला. गाडीवाला आगाताकडे बघून म्हणाला, डोंगरावर पोरींना फक्त वारा खायला घालता का? गांदोल्फो म्हणाला, वारा तरी ताजा असतो, तुझी मासळी कधीची? दोघं हसले. आगाता हसली नाही. कडा तेवढ्या खाल्ल्या तिने.

कॅथीड्रल बघून झालं. मग जत्रा. गांदोल्फो प्रत्येक दुकानापाशी थांबायचा आणि उगाच मोठ्याने बोलायचा. काय सुरेख घोडा! हिचे डोळे बघ, मिटतात! आगाता पाहुण्या बाईसारखी प्रत्येक वेळी "छान आहे" म्हणायची आणि पुढे जायची. चालताना मान खाली. दोनदा लोकांवर आदळली.

"खाली काय बघतेस सारखी? शहर वर आहे," तो म्हणाला.

तिसरं. काही नाही

कापुचिन साधूंचं तळघर बघायचं तिनेच ठरवलं. शेकडो वर्षांपूर्वी मेलेली, वाळवून जपलेली माणसं तिथे भिंतींना टेकून उभी आहेत, आपापल्या कपड्यांत. गांदोल्फो म्हणाला, आजच्या दिवशी नको. ती म्हणाली, आजच.

मुलं तिथे आधी तोंडांकडे बघतात, मग रडतात. आगाताने एकाही तोंडाकडे बघितलं नाही. भिंतीच्या बुडाशी नजर ठेवून ती एकेकापुढून सरकत गेली. टोकाला म्हातारे साधू बसले होते. त्यांना तिने विचारलं, या लोकांना बूट कोणी घातले?

"घरच्यांनीच, बाळ."

"आणि ज्यांच्या पायात नाहीत ते?"

"झिजून पडले असतील. फार वर्षं झाली."

"झिजले नसतील," ती म्हणाली. "घातलेच नसतील."

कोंदट वाटतंय असं सांगून मी वर निघून आले.

(हे पहिल्याच्या आधी लिहायला हवं होतं)

लिबोरियाला न्हाऊ घालून कपडे मीच चढवले. तिचे पाय इतके सुजले होते की बूट जाईनात. मी नुसते मोजे घातले आणि वरून चादर ओढली. कोणाला दिसतंय, मी म्हटलं. तिथल्या बायकाही म्हणाल्या, कोणाला दिसतंय. पोरगी दारात होती.

बूट चांगले होते. काळे, घोट्यावर पट्टा, नवे तळ. महिनाभर पलंगाखाली पडून राहिले. मग मी घालायला लागले. कोणाला विचारलं नाही. मला जरा सैल होत होते, म्हणून चांभाराकडून पट्ट्याला आत एक जादा भोक पाडून घेतलं. बायकांच्या पायांत काय आहे ते गांदोल्फोला कधी दिसत नाही.

पालेर्मोला मी तेच घालून गेले होते.

चौथं. बदामाच्या लगद्याची फळं

दिसायला हुबेहूब अंजीर आणि संत्री. पुडी उघडलीच होती, तेवढ्यात आगाता एका बुटांच्या दुकानापुढे थांबली. दिवसभरात पहिल्यांदा आपणहून. गांदोल्फोने मला कोपराने ढोसलं. बिचारा, तोंडावरचा आनंद लपवता येत नव्हता त्याला.

तिने बायकांच्या काळ्या बुटांवर बोट ठेवलं.

"हे? हे तुला यायला पाच वर्षं लागतील."

"मला नकोत."

"मग?"

सांगावं की नाही, तिने विचार केला. मग बापाला म्हणाली, "मी तिला काही आणू नको म्हटलंय. नुसती ये म्हटलंय. पण खाली कबरस्तानापासून गावापर्यंत सगळी खडी आहे, बाबा. नुसत्या मोज्यांवर कशी येणार? मी म्हटलंय, येताना कशीबशी ये, दारात बूट ठेवते." तिने बूट उचलून उलटा केला आणि परत ठेवला. "हे चालले असते. पण तिला स्वतःचे आवडायचे."

माझ्याकडे तिने बघितलं नाही. माझ्या पायांकडेही नाही. तेवढं तिने माझ्यासाठी केलं.

गांदोल्फोने बघितलं. बराच वेळ बघत होता. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलावं असंच वाटत होतं. त्याने माझ्या हातातली पुडी काढून घेतली आणि नीट बंद केली. बस्स.

दुकानदाराने विचारलं, घालून बघणार का कोणी? मी माझ्यासाठी कापडी सपाता मागितल्या. त्याच्या स्टुलावर बसून पट्टे सोडले. बूट ठेवायला एक रिकामा खोकाही मागून घेतला.

पाचवं. पाव, बसमध्ये

घरून आणलेला. गांदोल्फोने तीन तुकडे केले आणि माझा माझ्याकडे न बघता पुढे केला. मी खाल्ला.

खोका आगाताच्या मांडीवर होता. अर्धा घाट चढून झाल्यावर तिने झाकण उघडलं.

"आत्या, पट्टा शेवटच्या, सैल भोकात लाव. तिचे पाय सुजलेत."

मी दोन्ही पट्टे शेवटच्या भोकात लावले. मी पाडून घेतलेल्या भोकापाशी चामड्यावर वळ उठला होता. तो अंगठ्याने चोळून बघितला. जात नव्हता.

गाव आलं तेव्हा दिवे लागले होते. गांदोल्फोने दोन्ही बूट उंबऱ्याबाहेर ठेवले, टोकं घराकडे करून. आगाताने ते फिरवले. जाताना घालायचे ना, म्हणाली.

किसणी लपवायचं काम दरवर्षी माझं. त्या संध्याकाळी मी ती ओट्यावरच राहू दिली.