आईच्या चष्म्याचं माप

"थोडं खाली बघा. आता हसा," चष्मेवाला म्हणाला.

बेटावरून आलेल्या मावशी हसल्या. फ्रेम गालाला टेकली नाही, घसरलीही नाही.

"शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस! त्या मोठ्या दुकानातला म्हणतो, तुमचं नाकच बसकं. नकटीच्या लग्नाला विघ्नं असतात ऐकलं होतं, चष्म्यालाही असतात!"

बाकावर नंबराची वाट पाहत बसलेल्या मास्तरांनी पेपर खाली केला. "आपलं म्हणजे? हे आमच्या डोंगराकडचे. वीस वर्षं येतोय मी."

"काहीतरीच! यांचे आजोबा आमच्या बेटावरचे, असं मला स्वतः म्हणालेत."

दोघांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं.

त्याने पक्कड खाली ठेवली. आशियाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची माणसं या शहरात येऊन राहिली होती. शहराला ती सगळी सारखीच दिसत. कारखान्यातून येणाऱ्या फ्रेमा उंच नाकांसाठी घडवलेल्या. तो नाकावरच्या गाद्या तापवून उंचवायचा, दांड्या कानामागे वळवायचा. "तुम्ही कुठले?" असं कुणी विचारलं की समोरचा चेहरा पाहून सांगायचा, "तुमच्याकडचाच." आधी गिऱ्हाईक टिकावं म्हणून. पुढे, ते ऐकून माणसाचे खांदे सैल पडत म्हणून.

"मुलाच्या लग्नात तुम्हाला घरच्यांत बसवलं मी," मावशींचा आवाज उतरला. "खरं काय ते सांगा."

"मला माहीत नाही."

"म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"पणजोबा जहाजातून उतरले, एवढंच ठाऊक. आजी दुसऱ्या मुलखातली, आई तिसऱ्यातली. घरात एकाची भाषा दुसऱ्याला कळेना, म्हणून सगळे इथलीच बोलू लागले. विचारायचं सुचलं तेव्हा सांगणारं कुणी उरलं नव्हतं."

मास्तर पेपरची घडी घालत राहिले. मावशींनी पर्स काखेला लावली. त्या गेल्या तर परत येणार नाहीत, हे त्याला कळत होतं. त्यांना थांबवील असं काही त्याच्याकडे नव्हतं. नुसतं बसवेना म्हणून त्याने खण उघडून एक जुनी फ्रेम पुसायला घेतली. दांड्यांवर दोरा गुंडाळलेला होता.

"कुणाची?" मावशी दारातून म्हणाल्या.

"आईची. जन्मभर बोटाने वर ढकलायची. तिच्यासाठीच हे काम शिकलो. शिकून झालं तोवर ती गेली."

"मग नीट का नाही केलीत इतकी वर्षं?"

"माप घ्यायला नाक कुठंय?"

मावशी दारातच थबकल्या. मग परत आल्या, खुर्चीत बसल्या, आपला नवा चष्मा काढून तो जुना डोळ्यांवर चढवला. तो सरळ नाकाच्या शेंड्यावर आला. त्यांचं बोट आपसूक वर गेलं.

"घ्या माझ्या नाकावर," त्या म्हणाल्या. "आधी खाली बघू, की हसू?"

मास्तरांनी घडी घातलेला पेपर पुन्हा उघडला. चष्मेवाल्याने दांडीवरचा दोरा सोडायला घेतला. जुनी गाठ होती, वेळ लागला.