गळ्याजवळचे बटण

मी एक जुना, राखाडी लोकरीचा स्वेटर आहे, मित्रांनो. सध्या माझा मुक्काम ट्रंकेच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात आहे. उन्हाळाभर मला कोणी बाहेर काढत नाही, आणि तरीही मी सुखात आहे. ते कसे, ते ऐका.

माझा जन्म एका काटेकोर बाईच्या दोन सुयांवर झाला. तिने मला आपल्या वहिनीसाठी विणले. वहिनी शाळेची बस चालवायची. पहाटे स्टिअरिंग गारठलेले असे, म्हणून गळाबंद स्वेटर हवा होता. नणंदेने तिच्या गळ्याला तीनदा टेप लावली, टाके मोजले आणि गळ्याजवळ माझे शेवटचे बटण शिवले. बसमधली मुले म्हणाली, "बसमावशी, आज तुम्ही मेंढीसारख्या दिसता." ती इतकी हसली की माझी सगळी बटणे हलली. ते माझे कौतुकाचे दिवस.

थंडी सरली. मला वाटले, आता विश्रांती. पण मावशी मला उतरवेचना. पंखे गरगरू लागले, तरी ती माझ्यात अंग चोरून बसायची.

"वहिनी, बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरलीस की काय?" नणंद विचारायची.

"दमायला होतं गं. वय झालं."

"चाळिशीत? आळस म्हण सरळ."

मी मात्र आतली गोष्ट जाणत होतो. माझ्या खांद्यांवर रोज केस गळून पडत. जेवण तेवढेच, पण माझ्या बाह्या दंडात रुतू लागल्या. माझ्याखाली तिचे हृदय संथ ठोके देई. आणि एके सकाळी गळ्याजवळचे बटण लागेना. तिने ते तसेच उघडे ठेवले.

त्याच आठवड्यात ते घडले. बसमध्ये बावीस मुले होती. काठी टेकत एक आजोबा रस्ता ओलांडू लागले. मावशीने त्यांना पाहिले. मी शपथेवर सांगतो, तिने पाहिले. पण पाहणे आणि पाय ब्रेकवर जाणे, यांच्यामध्ये एक लांबलचक क्षण गेला. बस थांबली तेव्हा आजोबांची काठी बसच्या पत्र्याला टेकली होती. मावशीने खाली उतरून त्यांना हाताला धरून पलीकडे नेले.

संध्याकाळी नणंद आली. तिची नजर आधी माझ्यावर गेली.

"बटण का उघडं?"

"लागत नाही. आटलाय तुझा स्वेटर."

"गरम पाण्यात धुतलास ना?"

"नाही गं बाई."

"मग आटेलच कसा?" तिने मला टेबलावर पसरले आणि गळा मोजला. पुन्हा मोजला. मी सुतभरही आटलो नव्हतो. मग तीच टेप तिने वहिनीच्या गळ्याभोवती धरली आणि तिचा आवाज खाली आला. "स्वेटर तेवढाच आहे, वहिनी. तुझा गळा सुजलाय. आणि मी तुला आळशी म्हणत होते."

डॉक्टरीणबाईंनी गळ्यावर बोटे ठेवून म्हटले, "गिळा बघू." मग रक्त तपासले. "शरीराचे पहारेकरी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, चुकून घरच्याच माणसाला चोर समजतायत," त्या म्हणाल्या. "गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला मारतायत. ती ग्रंथी म्हणजे शरीराची शेगडी. ती मंदावली की थंडी वाजते, थकवा येतो, हालचाल सावकाश होते. यात तुमची काही चूक नाही. पण गोळी रोज घ्यायची. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा तासाभराने."

"आणि बस?"

"रिपोर्ट सुधारल्यावर बघू."

मावशीने बसची किल्ली स्वतः जाऊन शाळेच्या टेबलावर ठेवली. ती परत मिळेल का, हे कोणी सांगू शकत नव्हते.

दीड महिन्याने रक्त पुन्हा तपासले. सुधारणा अर्धीच होती. गोळी वाढवली. हळूहळू तिला बरे वाटू लागले, आणि तिथेच घात झाला. तिने गुपचूप गोळी बंद केली. मी खुंटीवरून पाहत होतो आणि मला तोंड नव्हते.

पण नणंदेला डोळे होते. "मी टाके मोजणारी बाई आहे, वहिनी. पाकिटात चार गोळ्या जास्त आहेत."

"बरी झाले की मी."

"शेगडी पेटली म्हणून कोळसे घालायचं कुणी थांबवतं का? ते आजोबा आठव."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, गोळीचे पाकीट कुरकुरले.

पुढच्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी बस चालवायला हरकत नसल्याचा कागद दिला आणि शाळेने किल्ली. त्या सकाळी मावशी माझ्यासमोर थांबली. तिने माझी बाही चाचपली, मला खुंटीवरच ठेवले आणि गेली.

आता थंडी आली की ती मला काढते. गळ्याजवळचे बटण जरा ओढून लागते, पण लागते. गोळी मात्र बारा महिने असते.

मित्रांनो, तुमच्या घरात उन्हाळ्यात कोणी स्वेटर घालून बसले, सारखे दमले, तर त्यांना हसू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या, आणि त्यांच्या गोळ्या कोणीतरी प्रेमाने मोजा.

उन्हाळ्यात ट्रंकेचे झाकण वाजले की माझा धागा न् धागा अजून ताठ होतो: तिला पुन्हा थंडी वाजू लागली की काय? कालही वाजले. मावशीचा हात आत आला, माझ्यावरून गेला. तिने शेजारची पातळ चादर उचलली आणि झाकण लावले.