बंद खोलीतला कूलर

मित्रांनो, मी पत्र्याचा कूलर. कोणी मला जुना म्हणते, कोणी खडखड्या. दोन्ही खरे आहे. गल्लीतल्या पत्रेवाल्याने ठोकून ठोकून मला चौकोनी केले, तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या बसवल्या आणि पोटात पाण्याची टाकी दिली. माझे काम सोपे. बाहेरची कोरडी हवा ओढायची, ओल्या गवतातून गाळायची आणि गार करून आत सोडायची. फक्त खोलीतल्या जुन्या हवेला निघून जायला वाट हवी.

पहिल्या उन्हाळ्यात माझे कोण कौतुक झाले! शेजारीपाजारीही माझ्यासमोर बसायला यायचे. उन्हाळा सरला की मात्र गरज सरो, वैद्य मरो. माझ्या डोक्यावर रजया आणि फुटक्या बादल्या चढायच्या, जाळ्यांत धूळ बसायची. तरी गॅलरीत, खिडकीला तोंड लावून, मी मोकळ्या हवेत उभा असायचो.

यंदा घरात बाळ आले. तिला सगळे ठमी म्हणतात. आईवडील कामावर गेले की ती आजोबांजवळ असते. हे आजोबा जन्मभर शीतगृहाच्या दारावर कामाला होते. दार उघडे राहिले की तिथला माल नासायचा आणि बोलणी आजोबांना बसायची. नोकरी संपली, पण जित्याची खोड! घरातही कोणी दार लोटायला विसरले की ते ओरडतात, "अरे दार! गारवा पळाला!"

त्या दुपारी ऊन नुसते आग ओकत होते. आजोबा गॅलरीत आले. "बाहेर तापतोस काय रे? चल आत," म्हणाले आणि चाकांवरून मला ओढत खोलीत घेऊन गेले. मग त्यांनी खिडक्या लावल्या आणि दाराच्या फटीत चादर कोंबली. "आता कसा गारवा टिकतो बघ, ठमे!"

आता जुन्या हवेला निघून जायला वाटच उरली नाही. थोडा वेळ बरे वाटले. मग तीच ओली हवा मी पुन्हा पुन्हा ओढू लागलो. भिंती दमटल्या, पाळण्यातले दुपटे चिकट झाले. ठमी आधी किरकिरली, मग लाल झाली, मग किरकिरायचीही थांबली. आजोबांना वाटले, झोपली. कपाळाला हात लावला तर चटका बसला. ते घाबरले आणि घाबरून त्यांनी माझा वेग वाढवला. टाकीत आणखी पाणी ओतले. पाळणा माझ्या तोंडाशी आणला. आगीतून फुफाट्यात! आपल्याच हातून पोरीचे वाईट होते आहे हे मला कळत होते, आणि थांबता येत नव्हते. माझी मोटर जळू दे, असा मी धावा केला. मेली जळली नाही. नेमकी त्याच दिवशी गुमान चालत होती.

तेवढ्यात ठमीची आई कामावरून आली. दार चादरीला अडले.

"बाबा! दार का उघडत नाहीये?"

"हळू गं, गारवा जाईल!"

आत पाऊल टाकताच ती थबकली. "कसला गारवा? अहो, इथे श्वास घेववत नाही!"

तिने फटाफट खिडक्या उघडल्या, शेजारच्या काकूंना डॉक्टरांना फोन करायला सांगितले आणि ओल्या फडक्याने ठमीचे अंग पुसू लागली. ठमी हलेना. मग तिचे ओठ वाकडे झाले आणि तिने असे भोकाड पसरले की आजोबांनी देवाला हात जोडले. डॉक्टर येऊन तपासून गेले. "वेळेवर खिडक्या उघडल्यात," एवढेच म्हणाले.

आजोबांना कोणी रागावले नाही. तेच त्यांना जास्त लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना सुनेने ठमीला त्यांच्या मांडीवर ठेवले, तेव्हा ते तिला परत देऊ लागले.

"नको गं. मला आता भीती वाटते."

"मलाही वाटते, बाबा. म्हणून नीट सांगते. कूलर गॅलरीतच राहू दे. समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर हवा कोंडते. आणि हिला मधूनमधून थोडं थोडं दूध पाजत राहा. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, तसं तुम्हालाही नव्हतं."

आजोबांनी मान डोलावली आणि ठमीला घट्ट धरले.

मित्रांनो, माझ्या जाळ्या धुवा, टाकीतले पाणी बदलत राहा. पण त्याआधी घरातल्या आजीआजोबांना मी कसा चालतो ते समजावून सांगा. मायेपोटी झालेली चूक रागावून टळत नाही. आजची दुपारही तापायला लागली आहे. उठा, आधी खिडकी उघडून या.