बंदुकीखालचं स्टूल

डेलची आणि माझी ओळख बटणांमुळे झाली. १९५९ साल. टेलिव्हिजनवर रोज संध्याकाळी घोडे, धूळ आणि गोळीबार. अशाच एका मालिकेच्या कपडेपटात मी शिवणकाम करत होते. डेल रस्क त्याच मालिकेत घोडे आणि बंदुका सांभाळायचा. पट्ट्यातून पिस्तूल झटक्यात कसं उपसायचं ते नटांना शिकवायचा, नुसत्या आवाजाची काडतुसं भरून द्यायचा. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या मशीनपाशी यायचा, शर्टाचं एक बटण तुटलेलं असायचं. पाचव्या बटणाला मी म्हटलं, "घोडे बटणं खातात का रे?"

"नाही. मीच तोडतो," तो म्हणाला. "पण आता शर्ट फाटायला आलाय, टॅबिथा. त्यापेक्षा लग्नच करू."

"विचार करून सांगते."

"किती दिवस?"

"आम्हा क्वेकरांना घाई नसते."

तो हसला. मी हसले नाही, कारण विचार खराच करायचा होता. मी व्हिटिअर गावच्या क्वेकर घरातली; क्वेकर हा ख्रिस्ती लोकांचा एक छोटा पंथ. आमच्यात शस्त्र धरत नाहीत, शपथ घेत नाहीत, कुणाला साहेब म्हणत नाहीत. आणि हा माणूस दिवसभर बंदुकांना तेल लावायचा.

त्याच सुमारास मालिकेत एका क्वेकर मुलीची गोष्ट आली. माळावर एकटी राहणारी मुलगी, तिच्या दारात जखमी होऊन पडलेला काउबॉय, दोघांचं प्रेम, आणि त्याचा जीव घ्यायला आलेला एक माणूस. करड्या रंगाचा साधा झगा आणि डोकं झाकणारं बोनेट मी शिवलं, माझ्या आजीच्या झग्यावर बेतून. दिग्दर्शक वॉल्टर लोमॅक्स मला बोलावून क्वेकरांचं बोलणंचालणं विचारायचे. एकदा म्हणाले, "समजा, तुझ्या माणसाला मारायला कुणी दारात उभा राहिला आणि भिंतीवर बंदूक आहे. तू काय करशील?"

मी खरंच विचार करून पाहिला. मग म्हटलं, "मला माहीत नाही."

दुसरी कुणी असती तर ताडकन म्हणाली असती, मरेन पण बंदूक धरणार नाही. पण जे करून पाहिलं नाही ते ठासून सांगायचं नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. लोमॅक्सनी माझ्या त्या उत्तराचा त्यांना हवा तो अर्थ घेतला. शेवट त्यावरूनच लिहिला गेला: मुलगी भिंतीवरची बंदूक काढते आणि गोळी झाडते.

हे मला कळलं ते चित्रीकरणाच्या शेवटच्या दुपारी. नायिका लोरेनच्या उजव्या हाताला गांधीलमाशी चावली होती, बोटं वांग्यासारखी सुजली होती. बंदूक काढणारे हात जवळून दाखवायचे होते. लोमॅक्स म्हणाले, "टॅबिथाचे हात घ्या. झगा तिनेच शिवलाय, मापातही बसेल."

डेल म्हणाला, "करेल ती. नुसता आवाजच तर आहे."

मी म्हटलं, "नाही करणार."

सगळे हसले. लोमॅक्स नाही हसले. "का, बाईसाहेब? बोनेट तुमचं, भाषा तुमची, आणि लाकडाचा एक दांडा धरायला एवढा नखरा?"

माझ्या डोळ्यांपुढे माझा भाऊ ईनस होता. महायुद्धाच्या वर्षांत त्याने सैन्यात जायला नकार दिला, म्हणून त्याला वेड्यांच्या इस्पितळात कामाला पाठवलं होतं. तीन वर्षं त्याने तिथे रोग्यांचं गूमूत काढलं. इकडे आमच्या दारावर कुणीतरी पिवळा रंग फासून गेलं. पिवळा म्हणजे भेकड. आता देशभरातली माणसं जेवणाची ताटं मांडीवर घेऊन पाहणार, की वेळ आली की क्वेकरही बंदूक धरतात. आणि तेही माझ्या उत्तरावरून.

"वॉल्टर लोमॅक्स," मी म्हटलं, "मी काय करीन हे मला अजूनही माहीत नाही. पण जे मला माहीत नाही ते तुम्ही माझ्या नावावर दाखवू नका."

"ठीक. दुसरे हात शोधतो. बाजूला हो."

मी झोपडीच्या सेटमध्ये गेले. भिंतीवरच्या बंदुकीच्या बरोबर खाली एक स्टूल होतं, त्यावर बसले आणि हात मांडीवर ठेवले. मला हलवल्याशिवाय बंदुकीपर्यंत कुणाला पोचता येत नव्हतं.

खिडकीतून ऊन आत येत होतं. ते तासाभरात डोंगराआड जाणार होतं आणि त्याआधी चित्रीकरण संपवायचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"डेल!" लोमॅक्स ओरडले. "तुझीच ना ही? उचल आणि बाहेर ठेव!"

डेल आला. वाकून हळूच म्हणाला, "उठतेस का?"

"नाही."

"माझी नोकरी जाईल गं."

"मला कळतंय. तरी नाही."

त्याने मला स्टुलासकट उचललं. मी विरोध केला नाही, मदतही केली नाही. बाहेर उन्हात त्याने मला अलगद खाली ठेवलं. मी उठले, स्टूल काखेत मारलं, आत गेले आणि त्याच जागी बसले.

"वाटतेस त्यापेक्षा जड आहेस," दुसऱ्या खेपेला तो धापा टाकत म्हणाला.

"सकाळी लापशी जास्त खाल्ली."

मी पुन्हा आत गेले. आता कुणी हसत नव्हतं.  डेल तिसऱ्यांदा जवळ आला, माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मग लोमॅक्सकडे वळला.

"मी नाही आता उचलणार."

"का? दमलास?"

"दमलोच. पण रात्रभर उचललं तरी ती परत येईल. आणि साहेब, दर खेपेला उचलताना मलाच लाज वाटतेय."

"मग दोघंही चालते व्हा! उद्यापासून तोंड दाखवू नका!"

"होऊ," मी म्हटलं, "ऊन गेल्यावर."

तेवढ्यात लोरेन पुढे आली, सुजलेला हात एप्रनमध्ये लपवून. "वॉल्टर, मी नुसती दारात उभी राहते, काउबॉय आणि मारेकऱ्याच्या मधे. उभं राहायला हात लागत नाही."

"आणि तो गोळी का झाडत नाही?"

खलनायकाचं काम करणारा म्हातारा नट कोपऱ्यात पाईप ओढत होता. तो म्हणाला, "मी मघापासून हे बघतोय. माझ्याच्याने नसती झाडवली."

ऊन चार बोटं उरलं होतं. लोमॅक्सनी शिवी हासडली आणि कॅमेरा दाराकडे वळवायला सांगितला. लोरेन उभी राहिली. तेवढं होईपर्यंत मी स्टुलावरून उठले नाही.

पुढे तो भाग टेलिव्हिजनवर दाखवला तेव्हा त्यांनी मागून काउबॉयला गोळी झाडायला लावलीच. पण मुलीने झाडली नाही. ईनसने ते पाहिलं आणि टेलिव्हिजन बंद केला.

चित्रीकरणाच्या त्या संध्याकाळी डेलच्या ट्रकमध्ये बसल्यावर मी त्याला माझं उत्तर दिलं. "लग्न करीन, पण आमच्या प्रार्थनासभेत. पाद्री नसतो. सगळे मुकाट बसतात, आणि मनातून आलं की आपणच उठून वचन द्यायचं."

"किती वेळ मुकाट?"

"तासभर."

"आणि बंदुका?"

"ते मी सांगणार नाही. ते तुझं तू ठरव."

वसंत येईपर्यंत त्याने ठरवलं होतं. तो चिनो गावाजवळच्या एका तबेल्यात नाल ठोकायला लागला, आणि पुढची एकतीस वर्षं तेच केलं. लग्नाच्या दिवशी सभेत साठ माणसं होती. शांतता पसरून चार मिनिटंही झाली नसतील, तोच डेल ताडकन उभा राहिला. बाकावरच्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले. आपण घाई केली हे त्याच्या लक्षात आलं, कान लाल झाले, पण तो खाली बसला नाही. मीही उठले आणि त्याचा हात धरला.