धोंडिरामकाकांचा आवाज

मी नको तिथे शहाणपणा केला नसता, तर धोंडिरामकाका आज बोलत असते. हे मी त्यांच्या मुलाला, अनिरुद्धला, दहादा सांगितलंय. तो "जाऊ दे ना, गार्गी" म्हणतो, आणि मला ते शिवीपेक्षा जास्त लागतं.

चौदा वर्षांपूर्वी काकांचं घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं आणि त्यात आवाज जाणार हे कळलं, तेव्हा आम्ही दोघांनी त्यांच्या आवाजात साडेतीन हजार शब्द रेकॉर्ड केले आणि एक प्रोग्राम लिहिला. काकांनी टाईप करायचं, कॉम्प्युटरने त्यांच्याच आवाजात बोलायचं. पाटीवर लिहून भागणार नव्हतं. मधुमेहाने नंदाकाकूंची दृष्टी आधीच गेली होती.

अर्धा प्रोग्राम जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत होता. आवाज कमी जागेत बसवून फाईलमध्ये ठेवणारा आणि परत काढणारा अर्धा सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेत. दोन्ही जोडायचे दोन मार्ग होते. एक कुठल्याही जावाला चालणारा, पण किचकट आणि संथ. दुसरा फक्त आमच्या ओपन सोर्स कंपायलरला, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या फुकट प्रोग्रामला, चालणारा, पण सुटसुटीत आणि वेगवान. "हाच घे रे, झकास आहे," मी म्हटलं. पुढे त्या कंपायलरला सांभाळणारं कोणी उरलं नाही आणि तो बंद पडला. नव्या जावाला ती जोडणी कळेना, म्हणून काकांचा आवाज त्यांच्या पंतनगरच्या घरात एकाच जुन्या कॉम्प्युटरवर अडकून राहिला. मार्चमध्ये त्याची डिस्क गेली. दुरुस्तीवाल्यांनीही हात टेकले.

"बॅकअप आहे ना," अनिरुद्ध म्हणाला. होता. आवाजाची फाईल होती, जावातला अर्धा होता, जोडणीचं फोल्डर नव्हतं. त्यात कंपायलर स्वतःच फाइली बनवायचा. जे पुन्हा बनतं ते साठवायचं कशाला, म्हणून मी ते वगळलं होतं. फाईलमधून आवाज परत काढणारा, अनिरुद्धने हाताने लिहिलेला कोडही त्यातच होता, हे मी बघितलंच नाही.

जुना कंपायलर शोधून चालवला. त्याने इमानेइतबारे फाइली पुन्हा बनवल्या. प्रत्येक फंक्शनचं नाव जागेवर, आतलं काम गायब. दोन महिने आम्ही आवाजाच्या फाईलवर डोकं फोडलं. खरखरीपलीकडे काही निघालं नाही.

शेवटी रविवारी मी काकांच्या मोबाइलवर तयार आवाजाचं ॲप टाकून दिलं. काकांनी टाईप केलं. मोबाइल म्हणाला, "नंदा, चहा घेतलास?"

काकूंनी पदर सावरला. "कोण आलंय गं?"

"काकाच आहेत, काकू. फक्त आवाज दुसरा."

"असेल." त्या जरा सरकून बसल्या. "पण सांग त्याला, परक्या पुरुषानं मला नुसतं नंदा म्हणायचं नाही."

मला तोंड लपवावंसं वाटलं. काकांनी मोबाइल जवळ ओढला. मग त्यांचं बोट हललं.

"नंदाबाई," मोबाइल म्हणाला, "तुम्ही चहा घेतलात का?"