लांबची लेन्स

मोजणीदारांनी आयुष्यभर जग जमीन मोजायच्या यंत्रातूनच पाहिलं होतं. तीन पायांवर यंत्र उभं करायचं, एक डोळा मिटायचा आणि दूरवर काठी धरून उभ्या असलेल्या माणसाला हातानेच खुणावायचं: डावीकडे, अजून थोडं, बास. अशा माणसाला आता, कायमची परदेशी निघालेल्या लेकीचा एक फोटो स्वतःच्या हाताने काढून ठेवायचा होता. घरात तिचे फोटो होते. पण ते सगळे तिच्या आईने काढलेले, आणि आई आता नव्हती.

कॅमेऱ्याच्या दुकानातली बाई भली होती. "काका, सुरुवात आहे ना? मग ही छोटी लेन्स घ्या. घरात माणसांचे फोटो छान येतात. एक जादा बॅटरी, एक कार्ड, संपलं. बाकीच्या सामानाच्या नादी आत्ताच लागू नका."

मोजणीदारांनी मान डोलावली आणि बोट दाखवलं ते कपाटातल्या लांबलचक लेन्सकडे. ती कॅमेऱ्याला लावून दारातून पाहिलं, तर रस्त्याच्या पार टोकाच्या खिडकीतलं मांजर मिशांसकट समोर हजर. झालं, गडी खूश!

"घरात ही अडचणीची होईल हं," बाई म्हणाली.

"अहो, जिला लांबचं दिसतं तिला जवळचं काय जड?" असं म्हणून त्यांनी वर ट्रायपॉडही घेतला.

निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भिंतीशी सरकवून लेक खिडकीपाशी बसली. कॅमेऱ्यातून पाहतात तर काय, चौकटीत नुसतं नाक आणि एक कान, तेही धूसर. मोजणीदार मागे सरले. पाठ कपाटाला टेकली.

"बाबा, जवळ या ना थोडे."

"जवळ आलो की तू मावत नाहीस."

ती हसली, मग हसायची थांबली. "लहानपणीही तुम्ही असेच. महिनोन्‌महिने कुठल्यातरी माळावर."

कामच तसं होतं, हे उत्तर त्यांच्या ओठांवर कायम तयार असे. आज ते त्यांना खोटं वाटलं. घरात काय बोलावं ते कधी कळलंच नव्हतं, म्हणून माळ बरा वाटायचा. ते ट्रायपॉड उचलून दाराबाहेर पडले आणि समोरच्या, वर जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर जाऊन उभे राहिले. तिथून हाताने खुणावलं. लेकीने खुर्ची सरकवली.

आता ती अख्खी मावली. त्यांनी लेन्स फिरवून चेहरा जवळ आणला, तेव्हा पापणीवरचं पाणी गालावर उतरताना दिसलं. ती रडतेय, हे खोलीत असताना त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

ते पुसायला त्यांनी नकळत हात पुढे केला. बोटं जिन्याच्या कठड्यावर आपटली.

"आला का फोटो?" तिने आतून विचारलं.

मोजणीदारांनी कॅमेरा तिथेच सोडला आणि ते भराभरा पायऱ्या उतरायला लागले.

"थांब," ते म्हणाले, "तू हलू नकोस. मी येतो."