दोन सुयांचं पेटंट

वणीच्या एका मेडिकलमध्ये कंपनीचा माणूस बोलत होता आणि सत्यभामाबाई नगराळे बाजूच्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. बाहेर मे महिन्याचं ऊन रस्त्यावरची कोळशाची धूळ भाजत होतं, तरी या गृहस्थानं गळ्यात टाय बांधला होता. सत्यभामाबाईंचं त्याच्याबद्दलचं अर्धं मत तिथंच झालं.

एकतीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यांत फार्मासिस्ट होत्या. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी बादली उचलताना पाठीचा मणका दबला. हाडं ठिसूळ झाली होती. तेव्हापासून त्या हाडं भरून आणणाऱ्या हार्मोनचं इंजेक्शन घेत होत्या. पेनासारखी सुई, पोटाच्या कातडीखाली टोचायची. आजही पेन न्यायलाच आल्या होत्या.

"रोज टोचायची झंझट खतम," टायवाला दुकानदाराला सांगत होता. "सोमवार-गुरुवार, दोनच सुया. डब्यात पेन, सोबत कॅलेंडर, त्यावर दिवसांच्या खुणा. पेटंट आलं की दुसरी कोणतीच कंपनी असा डबा काढू शकणार नाही."

"अन् भाव?"

"चौपट. शोध आहे ना साहेब, फुकट लागतो का?"

सत्यभामाबाईंनी हात पुढं करून पत्रक घेतलं. चष्मा पुसला. औषधाची मात्रा वाचली, दिवस वाचले.

"हे तर मी नऊ वर्षांपूर्वी दिलं हाय," त्या म्हणाल्या. "हाच डोस. हेच वार."

टायवाला हसला, बहिऱ्या माणसाकडं पाहून हसतात तसा. "आजी, हे इंटरनॅशनल रिसर्च आहे."

उरलेलं अर्धं मतही झालं.

नऊ वर्षांपूर्वी त्या मुकुटबनकडच्या एका सरकारी दवाखान्यात होत्या. एका ट्रस्टनं या हार्मोनची पेनं दान दिली होती. द्यायची होती एक्केचाळीस बायांना, आणि रोज टोचायचं म्हटलं तर पेनं पुरणार होती पंधरा जणींना. तिथं हाडांचे डॉक्टर होते रूपसिंग राठोड. तेव्हा ते पायात चप्पल घालून वॉर्डात फिरत आणि बायांशी बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलत. त्यांनी डोक्याला हात लावून दोन दिवस विचार केला, मात्रा बदलली आणि आठवड्यातून दोनदा द्यायचं ठरवलं. सोमवार-गुरुवारच का, तर त्या दोन दिवशी तांड्यांवरून बाजाराला काळीपिवळी जीप यायची. बाया आपोआप यायच्या. एवढंच त्यामागचं विज्ञान.

रजिस्टर सत्यभामाबाईंनी ठेवलं. सुया त्यांनी शिकवल्या. दीड वर्षात एक्केचाळीस जणींपैकी एकीचंच नवीन हाड मोडलं, तेही बैलानं ढुसणी मारली म्हणून. डॉक्टरांनी त्यावर चार पानांचा लेख लिहिला आणि तो जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या अधिवेशनाच्या स्मरणिकेत छापून आला. शेवटी आभार होते: 'सौ. सत्यवती नगरे'. तेव्हा त्या नुसत्या हसल्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी दीपाला बसवलं. दीपा त्यांची मुलगी, ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. तिनं पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवरून कंपनीचा अर्ज काढला. सत्याण्णव पानं.

"आई, उपचाराच्या पद्धतीवर आपल्याकडं पेटंट मिळत नाही," दीपानं वाचून सांगितलं. "म्हणून यायनं पद्धत नाई मागितली, डबा मागितला. पेन, कॅलेंडर अन् सूचनेचा कागद एका खोक्यात ठेवला, त्याले शोध म्हणून राह्यले."

"उद्या मी डब्यात भाकर अन् ठेचा सोबत ठेवला, तर माहाही शोधच का वं?"

दीपा हसली नाही. ती शेवटच्या पानांवर थांबली होती. तिथं एका तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र जोडलं होतं. 'सदर मात्रेत व सदर अंतराने हे औषध यापूर्वी कोणीही, कोठेही दिल्याचे माझ्या माहितीत नाही.' खाली सही. डॉ. रूपसिंग राठोड, नागपूर.

सत्यभामाबाईंनी ती ओळ स्वतः वाचली. मग पाणी प्यायल्या. कंपन्या चोऱ्या करतात हे त्यांना ठाऊक होतं, त्याचं नवल नव्हतं. पण हा माणूस स्वतःचंच काम झालं नाही म्हणून शपथेवर सांगत होता. स्वतःच्या घरात घरफोडी करणारा चोर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

पेटंट मंजूर व्हायच्या आधी कोणीही विरोध नोंदवू शकतं, हे दीपानं शोधून काढलं. वकील लागत नव्हता. पुरावा लागत होता. घरची स्मरणिका वाळवीनं निम्मी खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीला पट्टा आवळून सत्यभामाबाई एसटीनं यवतमाळला गेल्या. चार ठिकाणी नाही ऐकल्यावर एका जुन्या वाचनालयात ती सापडली. आत आवकेचा शिक्का होता, तारखेसकट. कंपनीच्या अर्जाच्या चार वर्षं आधीची तारीख. त्यांनी ग्रंथपालाकडून सहीशिक्क्याची प्रत करून घेतली, आणि दीपानं विरोध दाखल केला.

दीड महिन्यानं पांढरी मोठी गाडी गल्लीत शिरली. गल्ली अरुंद, गाडी रुंद. ती नाल्याजवळच अडली आणि डॉ. राठोडांना पॉलिश केलेल्या बुटांनी चिखलातून चालत यावं लागलं. सत्यभामाबाई दारातून पाहत होत्या. मदतीला त्या पुढं झाल्या नाहीत.

"मॅडम, तब्येत कशी हाय?" डॉक्टर खुर्चीत बसत म्हणाले. सोबत त्यांनी सुकामेव्याचा डबा आणला होता.

"मणका मोडला. बाकी बरं हाय."

"मले सांगाले पायजे होतं. नागपूरले या, मी पायतो. खर्चाचं नाव काढू नका." मग घसा साफ केला. "ते कागद तुमी पाठवले म्हणे. कायले तरास घेता? कंपनी मोठी हाय. अन् आपला तो लेख म्हणजे काय वो, गावठी स्मरणिका! एका पानावर कीटकनाशकाची जाहिरात, दुसऱ्यावर आपली हाडं. त्याले रिसर्च म्हणत नाई कोणी."

"मंग तुमी लिहिला कायले?"

"तवा लहान होतो, समज नव्हती."

"बेचाळीस वर्षांचे होते तुमी."

डॉक्टर हसले. ते हसू कंपनीच्या बैठकीत शिकलेलं होतं, सत्यभामाबाईंना लगेच कळलं. "हे पाहा, विरोध मागं घ्या. नवीन डब्याच्या प्रचारासाठी या भागात एक सल्लागार लागतो. तुमच्या नावाची शिफारस मी केली हाय. घरबसल्या काम."

"नाव कोणतं सांगितलं? सत्यवती नगरे का?"

डॉक्टरांना त्यातलं काही समजलं नाही. आपल्या लेखाचं शेवटचं पान त्यांनी कधी वाचलंच नसावं. सत्यभामाबाईंना त्यांचा राग यायला हवा होता, पण राग यायला समोरचा माणूस तेवढ्या उंचीचा लागतो. त्यांना नुसती किळस आली, औषधांच्या कपाटात मुदत संपलेली बाटली हाताला लागावी तशी.

"तांड्यावरची लालीबाई आठवते?" त्यांनी विचारलं. "तिचं मनगट तुमी जोडलं होतं. ती अजून दोन सुया घेते. तुमचा चौपट भावाचा डबा आला तर तिनं काय करायचं?"

"सगळ्यायचं पाहत बसलो तर देश कसा पुढं जाईन, मॅडम?"

"चहा ठेवला नाई," सत्यभामाबाई उठत म्हणाल्या. "दूध संपलं." चुलीवर दूध उतू जायच्या बेतात होतं आणि त्याचा वास साऱ्या खोलीत होता. सुकामेव्याचा डबा त्यांनी डॉक्टरांच्या हातात परत दिला.

सुनावणी पावसाळा संपताना झाली, व्हिडिओवर. कंपनीकडून तीन वकील होते. त्यांच्या मागं पुस्तकांची भिंत होती. सत्यभामाबाईंच्या मागं शिवणयंत्र. वकिलांतला सर्वांत मोठा इंग्रजीत बराच वेळ बोलला. दीपा कानात सांगत होती: विरोधकांना विषयाचं ज्ञान नाही, स्मरणिका हे वैज्ञानिक प्रकाशन नाही, तिच्यात बियाण्याच्या जाहिराती आहेत, प्रादेशिक भाषेतला मजकूर जगातल्या संशोधकांनी वाचावा अशी अपेक्षा करता येत नाही.

पेटंट कार्यालयाच्या अधिकाऱ्यानं सत्यभामाबाईंना मराठीत विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"साहेब, हाडाले भाषा येत नाई," त्या म्हणाल्या. "मराठीत सुई दिली, तरी हाड भरलं. लेखात डोस लिहिला हाय, वार लिहिले हायेत, बाया किती हे लिहिलं हाय. वाचनालयाचा शिक्का हाय. अन् लेख लिहिणारे, अन् असं कोणी केलंच नाई म्हणणारे, दोघंही एकच माणूस हायेत. लेखावरचं नाव पाहा, प्रतिज्ञापत्राखालची सही पाहा."

 धाकट्या वकिलानं कागद उलटसुलट केले. मोठ्यानं त्याच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर सत्यभामाबाईंनी मिटक्या मारत पाहिली. हा लेख तुमचाच का, असं कंपनीनं आपल्या तज्ज्ञाला साधं विचारलंही नव्हतं. सत्याण्णव पानं लिहिणाऱ्यांना चार पानं वाचायला वेळ झाला नव्हता.

दोन महिन्यांनी निकाल आला. अर्ज नामंजूर. आधीच प्रसिद्ध झालेली गोष्ट, शोध नव्हे. कॅलेंडर जोडल्यानं ती शोध होत नाही.

यानंतर जे झालं त्याची मात्र सत्यभामाबाईंनाही कल्पना नव्हती. निकालात डॉक्टरांच्या लेखाचा उल्लेख होता, तेवढा धागा धरून पेपरात बातमी आली: 'यवतमाळच्या सुपुत्राच्या मूळ संशोधनावर शिक्कामोर्तब'. पाठोपाठ जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार ठरला. डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. "मॅडम, आपण जिंकलो! तुमी यायचंच. स्टेजवर तुमची खुर्ची ठेवली हाय."

"आपण," सत्यभामाबाई फोन ठेवून दीपाला म्हणाल्या. "आयकलं का? आपण!"

"जाऊ नको, आई."

"काहून नाई? खुर्ची ठेवली हाय न."

सभागृह भरलं होतं. फेटा, शाल, नारळ. डॉक्टरांनी डोळे पुसत सांगितलं की गरीब बायांसाठी त्यांनी हे काम केलं आणि ते जगासाठी खुलं राहावं हीच त्यांची पहिल्यापासून इच्छा होती. टाळ्या थांबेनात. मग निवेदकानं सत्यभामाबाईंना दोन शब्द बोलायला बोलावलं.

त्या पट्टा सावरत उठल्या. पर्समधून एक कागद काढला आणि स्वतःचा एकही शब्द न घालता प्रतिज्ञापत्र वाचलं. पहिल्या ओळीपासून, "मी, डॉ. रूपसिंग राठोड, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की". कोणीही, कोठेही, दिल्याचे माझ्या माहितीत नाही. तारीख वाचली. सही वाचली. मधेच माईक बंद झाला, पण एकतीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीतून रांगेच्या टोकापर्यंत नावं पुकारलेल्या बाईला माईकची गरज नव्हती.

टाळी कोणी वाजवली नाही. पहिल्या रांगेतला एकजण फोन पाहायला लागला. डॉक्टर फेट्याखाली घामेजले आणि नारळ या हातातून त्या हातात घेऊ लागले. निवेदकानं घाईघाईनं अल्पोपाहार जाहीर केला, तशी गर्दी सुटल्यासारखी उठली.

सत्यभामाबाई स्टेजच्या पायऱ्या एक एक करून उतरल्या. कोणी हात दिला नाही. मागच्या रांगेत तांड्यावरच्या चार-पाच बाया बसल्या होत्या; सत्काराला गर्दी हवी म्हणून डॉक्टरांच्या माणसांनीच त्यांना गाडीत घालून आणलं होतं. लालीबाई त्यांच्यातच होती. ती उठून पुढं आली आणि तिनं सत्यभामाबाईंच्या कोपराला धरलं.

"बाई, त्या कागदात काय लिवलं होतं वो? डॉक्टरचं तोंड काहून उतरलं?"

"त्यायनं तुले कधी सुई दिलीच नाई, असं लिहिलं होतं."

लालीबाईनं वळून स्टेजकडं पाहिलं. शाल पांघरलेल्या माणसाला तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जनावरांच्या बाजारात म्हातारा बैल न्याहाळतात तसं, आणि तोंड फिरवलं.

"चाल," ती म्हणाली. "इथचा चहा नको प्याले."